चाळीस मेखा

"ह्यात माझं घर बसवायचं हाय, मिस्त्री," असं म्हणून तात्या भोकऱ्यांनी पिकअपचा मागचा फाळका खाली पाडला.

आत रोपांच्या काळ्या पिशव्या, चिखलाचे डाग, आणि मधोमध पाय दुमडून बसलेली एक बाई. साठी ओलांडलेली. केस चापूनचोपून बसवलेले, कपाळाला ठसठशीत कुंकू, मांडीवर एक गाठोडं. माझ्याकडं बघून ती ओळखीचं हसली आणि म्हणाली, "आलास व्हय? चल बाबा, लई उशीर झाला."

मी तात्यांकडं बघितलं. ते हळू आवाजात म्हणाले, ही माझी मंडळी, मंजुळा. हिला आता माणसं ओळखू येत नाहीत. तुम्ही नुसतं व्हय म्हणा.

मी तोंडाचा फटकळ माणूस. असलं नुसतं व्हय म्हणणं मला जमत नाही. तरी म्हटलं, "व्हय काकी, निघू या."

ही अकरा वर्षांपूर्वीची गोष्ट. तेव्हा माझं दुकान विट्याहून खानापूरला जाणाऱ्या रस्त्याला होतं, पत्र्याचं, पुढं लिंबाचं झाड. तात्यांची रोपवाटिका तिथून चार मैलांवर ओढ्याकाठी. डाळिंब, आंबा, शेवगा. सोमवारी आणि गुरुवारी पिकअप भरून ते बाजारला जायचे. माणूस शब्दाचा पक्का आणि भलताच नीटनेटका, धोतराला कधी चिखलाचा शिंतोडा दिसायचा नाही.

लाकडाच्या ओंडक्यावर बसून त्यांनी मला सगळं सांगितलं. दोन वर्षांपासून काकींची आठवण सुटत चालली होती. स्वतःच्या घरात, स्वतःच्या चुलीपुढं बसून त्या म्हणायच्या, मला घरी जायचंय. तात्या सांगायचे, मंजे, हेच घर. त्या मान हलवायच्या आणि पाच मिनिटांनी गाठोडं बांधायला घ्यायच्या. पहाटे कडी काढून बाहेर पडायच्या. दोनदा ओढ्याच्या वाटेला सापडल्या. बाकी प्रत्येक वेळी कुठं सापडल्या, तर दारातल्या पिकअपच्या मागच्या हौद्यात, रोपांत बसलेल्या. तिथं बसल्या की शांत. कुठं जायचंय म्हणून विचारायच्या नाहीत, रडायच्या नाहीत.

मुलगी चिंचवडला नोकरीला. तिनं दोनदा सुट्टी काढून बघितलं आणि हात टेकले. आता तिनं असल्या आजारी माणसांना सांभाळणाऱ्या एका संस्थेत जागा बघून ठेवली होती, अर्जही भरला होता. दिवाळीपर्यंत बघू, म्हणाली होती बापाला, नंतर आईला तिकडं ठेवू.

"ही गाडीत शांत ऱ्हाते, तर गाडीचंच घर करतो," तात्या म्हणाले. "बाजारला जाईन तिथं संगं नेईन. पोरीला दाखवून देतो, हिला मी सांभाळू शकतो. अठ्ठेचाळीस वर्सं झाली लग्नाला. दुसऱ्याच्या दारात कशी टाकू?"

अट एकच होती. सगळं काढता-घालता आलं पाहिजे. बाजाराच्या आदल्या दिवशी हौद्यातलं अर्धं सामान उतरवून रोपं भरायची, परत आल्यावर पुन्हा बसवायचं. तेही एकट्या म्हाताऱ्या माणसाला, हत्याराशिवाय.

दुसरा कुणी असता तर नटबोल्ट मारून मोकळा झाला असता. माझा बाप बैलगाड्या करायचा. त्याच्या हाताखाली मी शिकलो ते खिळ्याशिवायचं काम. लाकडात लाकूड घालायचं, वरून बाभळीची पाचर ठोकायची. गाडी जितकी हलेल तितकी पाचर घट्ट बसते, आणि खालून तळहाताचा एक दणका दिला की सुटते. पलंग, दिवाणांच्या धंद्यात ही विद्या कुणी विचारत नव्हतं. तात्यांनी विचारली. मला लई बरं वाटलं, खोटं कशाला सांगू.

बारा दिवस लागले. एका बाजूला तीन खोकी ओळीनं, वर फळ्या टाकल्या की झोपायची जागा, आत कपडे, धान्य, औषधं. समोरच्या बाजूला भांड्यांची मांडणी, प्रत्येक कप्प्याला पुढं दोन बोटं उंचीची पट्टी, म्हणजे गचका बसला तरी वाटी पडणार नाही. स्टोव्हचं टेबल दुमडून भिंतीला लागणारं. पाण्याच्या कॅनला कठडा. वर लोखंडी कमानी होत्याच, त्यांवर ताडपत्री. मागं फाळक्याच्या वर दोरीवर सरकणारा पडदा, तो आमच्या हिनं शिवून दिला. आणि सगळं मिळून बावीस पाचरी. एक काढली तर एकच वस्तू सुटेल अशी योजना.

काम चालू असताना तात्या रोज काकींना घेऊन यायचे. त्या स्टुलावर बसून बघायच्या. चुकीच्या वेळी कधी बोलल्या नाहीत, कधी भुशात पाय घातला नाही. एक दिवस त्यांनी माझ्यापुढची एक पाचर उचलली, टोकावरून अंगठा फिरवला, उजेडात धरली.

"मेख ब्येस झालीया. किती केल्यास?"

"बावीस."

"चाळीस पायजेत."

मी हसलो. म्हटलं, काकी, ही गाडी हाय, राजवाडा न्हाई. त्याही हसल्या, पण पाचर खाली ठेवताना पुन्हा म्हणाल्या, चाळीस लागत्यात. आमच्यात पाचरीला कुणी मेख म्हणत नाही. म्हातारी माणसं काहीही म्हणतात, असं समजून मी रंध्याला हात घातला.

पहिले पंधरा दिवस तात्या नुसते खुशीत. बाजारात भाजीवाल्या बायका गाडीत डोकावून बघतात, म्हणाले. काकी आत बसून चहा ढवळतात, पडदा सरकवून रस्ता बघतात. घरी जायचंय हे दिवसातनं एखाद्या वेळेला. त्यांनी मुलीला फोनवरनं गाडीचे फोटो पाठवले. ती म्हणाली म्हणे, बघू, चांगलं दिसतंय. तात्यांनी ते 'चांगलं दिसतंय' मला तीनदा सांगितलं.

मग एका सकाळी ते उठले तर गाडीत काही शिल्लकच नव्हतं. ते झोपले होते तेवढ्या फळ्या आणि त्याखालची खोकी सोडून काकींनी सगळं सोडवून खाली मांडून ठेवलं होतं. पडद्याची घडी. मांडणीच्या बाजू एकावर एक. भांडी ओळीत. आणि पाचरी पदरात बांधलेल्या. तात्यांनी हसून सगळं पुन्हा बसवलं. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी तेच. रोज सकाळी सूर्य हातभर वर यायच्या आत घर सुटलेलं.

तेवढंच असतं तर चाललं असतं. पण एका गुरुवारी चालत्या गाडीत त्यांनी सुरुवात केली. तात्या पुढं स्टिअरिंगवर, मागं काय चाललंय ते कळायला मार्ग नाही. वळणावर मांडणी सुटून काकींच्या पायावर आली. अंगठा काळानिळा झाला. मुलीला हे कळलं तेव्हा ती फोनवर रडली, आणि दिवाळीनंतरचं सोडा, दसऱ्यालाच येते म्हणाली. तात्यांनी कसंबसं तिला थोपवलं आणि सरळ गाडी घेऊन माझ्याकडं आले.

त्या दिवशी दुकानात गिऱ्हाईक होतं. चार माणसं लिंबाखाली उभी. काकींनी सगळ्यांच्या देखत काम सुरू केलं. मी बघत राहिलो. आधी पडदा. तो अशा रीतीनं उतरवला की जमिनीला एक टोक लागलं नाही. मग पाचर, खालून तळहाताचा दणका, नेमका. मग बाजूची पट्टी. मग कप्पा. मी ज्या क्रमानं बसवलं होतं त्याच्या बरोबर उलट. एक पाचर फुटली नाही, एक खाच दुखावली नाही. मी अनेक कारागीर बघितलेत. इतका साफ हात क्वचित.

सगळं सोडवून झाल्यावर त्यांनी पदर पसरला आणि मोजायला घेतलं. बावीसवर थांबल्या. पुन्हा मोजलं. मग गाडीखाली वाकल्या, भुसा चाचपला, लिंबाच्या मुळाशी जाऊन आल्या. डोळे भरले.

"अठरा कुठं गेल्या? बापू मारंल मला."

बापू म्हणजे हिचे वडील, तात्या म्हणाले, वारून तीस वर्सं झाली. रोज असंच. सामान सोडवते आणि मग दीस कलेपर्यंत अठरा कुठं गेल्या म्हणून माती उकरते.

तेव्हा मी विचारायला पाहिजे होतं. कसल्या अठरा, आणि बापू का मारणार. पण माझं ध्यान त्या चार गिऱ्हाइकांकडं. त्यातला एक दुसऱ्याला म्हणत होता, मिस्त्रीचं काम बाईमाणसाच्या हातानं सुटतंय की रं. माझ्या टाळक्यात गेलं. बापाची विद्या, बारा दिवसांची मेहनत, आणि लोक दात काढतायत.

मी म्हटलं, "तात्या, स्क्रू मारतो. ब्रह्मदेव आला तरी हलणार न्हाई."

तात्यांनी लगेच होकार दिला नाही. मग बाजाराला रोपं कशी भरायची, म्हणाले. आणि हिला हातांना काही तरी उद्योग लागतो, तेवढा तिचा वेळ जातो. मी म्हणालो, पुढच्या वेळी मांडणी पायावर न्हाई, डोक्यावर पडंल. मग पोरीला काय सांगणार? हे ऐकल्यावर त्यांनी काकींच्या काळ्यानिळ्या अंगठ्याकडं बघितलं. म्हणाले, बाजार ऱ्हाऊ दे. मारा.

सगळं पुन्हा बसवलं आणि ड्रिल घेतलं. प्रत्येक पाचरीतनं आरपार अडीच इंची स्क्रू. पाचर दिसायला जागेवर, पण हलायची नाही. काकी स्टुलावर बसून बघत होत्या. आठव्या की नवव्या स्क्रूला त्या उठून जवळ आल्या.

"अरं, मेखंत कोण खिळा मारतं?"

"मारत्यात कधी कधी, काकी."

"मग ती निघायची कशी?"

मी पुढच्या पाचरीला ड्रिल लावलं. ड्रिलचा आवाज होता, ऐकू आलं नाही असं दाखवायला सोपं गेलं.

आठवडाभरानं तात्या सायकलवरून आले. मी विचारायच्या आधीच म्हणाले, शांत झाली. सोडासोड बंद, शोधाशोध बंद, रडणं बंद. घरी जायचंय हे सुद्धा म्हणत नाही. मी मांडीवर थाप मारली. म्हटलं, बघा, मी काय बोललो होतो. ते म्हणाले, व्हय, तुमचं बरोबर आलं. पण चहा न पिताच गेले. घरी मी हिला रंगवून सांगितलं. ही म्हणाली, आजारी माणूस एकाएकी गप्प झालं तर त्यात हसण्यासारखं काय? मी तिच्यावर खेकसलो.

दसऱ्याला सोनं द्यायला मी रोपवाटिकेत गेलो. पिकअप आंब्याखाली उभी होती. फाळका पाडलेला, पडदा बाजूला, काकी आत माझ्याच फळ्यांवर बसलेल्या. केस विंचरलेले, कुंकू लावलेलं. मी आपट्याची पानं पुढं केली आणि म्हटलं, "काकी, सोनं घ्या, सोन्यासारखं ऱ्हावा." त्यांनी हात पुढं केला नाही. म्हणून मीच त्यांचा हात हातात घेतला.

पाची बोटांना चिंध्या बांधलेल्या. दुसऱ्या हातालाही. अंगठ्याचं नख मुळापासून गेलेलं.

तात्या मागं येऊन उभे होते. त्यांनी सांगितलं, चार दिवस ओढत होती. सकाळी उजाडलं की सुरू. दणके मारून तळहात सुजले, मग नखं घातली, मग दातांनी धरून बघितलं. मी हात धरायचो तर मला ढकलून द्यायची. पाचव्या दिवशी उठली, पाचरीकडं बघितलं आणि परत झोपली. त्या दिवसापासून एक शब्द नाही.

"तुम्ही मला शांत झाली म्हणाला."

"झालीच की," तात्या म्हणाले.

आत सगळं जागच्या जागी होतं. वाटी वाटीच्या कप्प्यात, कॅन कठड्यात. बावीस पाचरींच्या खालच्या बाजूला लाकूड काळं पडलं होतं. ते कशानं, हे मला विचारायची गरज नव्हती. इतक्या दिवसांत जे विचारायला पाहिजे होतं ते तेव्हा विचारलं. म्हटलं, तात्या, काकी पाचरीला मेख का म्हणायच्या? शेतकऱ्याच्या घरात हा शब्द कुठनं आला?

 ते फाळक्याच्या कडेला टेकले आणि सांगायला लागले.

मंजुळाकाकींचे वडील टुरिंग टॉकीजच्या तंबूवर होते. तंबू ठोकणारे. जत्रा संपली की दुसऱ्या जत्रेला, दुसरीकडनं तिसरीकडं, पावसाळा सोडून वर्षभर. आई, बापू आणि चार पोरं ट्रकच्या मागं राहायची. ट्रकमध्येच चूल, ट्रकमध्येच अंथरूण. गाव लागलं की उतरवायचं, गाव सुटलं की भरायचं. शेवटच्या खेळानंतरच्या सकाळी आधी पडदा उतरवायचे, त्याला माती लागू द्यायची नाही. मग दोर, मग मेखा. थोरल्या मेखा गडी उपटायचे. बारक्या मेखा गोळा करून मोजून पोत्यात भरायचं काम मंजुळाचं. चाळीस. एक कमी पडली तर पुढच्या गावात तंबू उभा राहत नाही, म्हणून चाळीस भरल्याशिवाय बापू ट्रक हलवू द्यायचा नाही.

"जत्रेत मी तिला पहिल्यांदा बघितलं तवा ती मेखाच मोजत हुती," तात्या म्हणाले. "मी इसाचा, ती सतराची. आमच्या आईनं लग्नाला होकार दिला, पण अट घातली. तंबूचं नाव ह्या घरात निघायचं न्हाई. भावकीत सांगितलं, कराडकडची पोरकी पोरगी हाय. मंजीनं ती अट पाळली, मिस्त्री. अठ्ठेचाळीस वर्सं त्वांडातनं तंबू काढला न्हाई. मी तर इसरूनच गेलो."

मी म्हटलं, म्हणजे काकी सामान मोडत नव्हत्या.

"न्हाई," तात्या म्हणाले. "आवरत हुती." मग त्यांनी धोतराच्या सोग्यात तोंड घातलं आणि ते रडले. मी त्या माणसाला कधी रडताना बघितलं नव्हतं.

मी घरी जाऊन ड्रिल आणलं. सणाचा दिवस होता, आपट्याची पानं फळीवर तशीच पडलेली. बावीसच्या बावीस स्क्रू काढले. भोकं पडली होती ती बुजवली. पाचरी इतक्या सैल बसवल्या की बोट लावलं तरी निघतील. एक काढून काकींच्या हातात दिली. म्हटलं, "काकी, निघतीया बघा. चला, उशीर झालाय." त्यांनी ती धरली. दिली म्हणून धरली, बस्स. तात्यांनी पडद्याचं टोक त्यांच्या पुढ्यात आणलं. त्या आरपार बघत होत्या.

अठरा मेखा कमी होत्या, त्या करायला काय लागतं? माझ्यासारख्याला एक दिवस. पण मी लगेच केल्या नाहीत. दिवाळीच्या कामाची गर्दी आहे, असं स्वतःला सांगितलं. बाभूळ ओली आहे, असंही सांगितलं. खरं कारण म्हणजे मला पुन्हा त्या हातांपुढं जायची भीती वाटत होती. वसुबारसेला मुलगी आली, तिनं आईची बोटं बघितली, आणि भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी काकींना घेऊन गेली. तात्यांनी एका शब्दानं अडवलं नाही. अडवायला त्यांच्याजवळ काही उरलं नव्हतं.

त्या दोघी गेल्यावर मी कामाला बसलो. बापाच्या वेळच्या एका जुन्या गाडीचा बाभळीचा कणा पडला होता, चाळीस वर्षं वाळलेला. त्यातून अठरा मेखा काढल्या. रोपवाटिकेत जाऊन गाडीतल्या बावीस सोडवून आणल्या. टोकं घासली, डोकी गोल केली, पोत्याच्या कापडाची पिशवी शिवून घेतली. मग तात्यांना म्हटलं, चला.

पिकअपनंच गेलो. मागं माझी खोकी, मांडणी, सगळं एकावर एक आडवं ठेवलेलं, कशाचा कशाला जोड नाही, वाटभर खडखडत होतं.

संस्था स्वच्छ होती. मी वाईट बोलणार नाही, माणसं बरी होती. काकी व्हरांड्यात खुर्चीवर. केस कापलेले. कुंकू नव्हतं, बहुतेक कुणाच्या ध्यानात आलं नसावं. तात्या खाली फरशीवर त्यांच्या पायाशी बसले. मी पिशवी काकींच्या मांडीवर ठेवली, तोंड उघडलं, त्यांचा हात धरून आत घातला. नखं नवी यायला लागली होती. बोटं मेखांवर टेकली. मी मनातल्या मनात म्हणत होतो, मोजा. एकदा मोजा, काकी.

त्या बोटं तशीच ठेवून बसल्या. थोड्या वेळानं तिथल्या बाई आल्या, पिशवीत डोकावल्या आणि त्यांनी ती हळूच उचलून माझ्या हातात परत दिली. टोकदार वस्तू आत ठेवायला परवानगी नाही, म्हणाल्या, तुम्ही वाईट वाटून घेऊ नका. बरोबरच होतं त्यांचं. काकींचा हात मांडीवर पडला तो तसाच पडून राहिला.

भेटायची वेळ संपली. फाटकाबाहेर गाडी उभी होती. तात्यांनी फाळका पाडला, त्यावर बसले आणि माझ्या हातातली पिशवी मागून घेतली. एकेक मेख काढून त्यांनी शेजारी ओळीत लावायला सुरुवात केली. ओठ हलत होते. मध्येच चुकले, पुन्हा पहिल्यापासून मोजायला घेतलं. मी उन्हात उभा राहिलो, घाई केली नाही.

"चाळीस भरल्या, मिस्त्री," ते म्हणाले.

मी व्हय म्हटलं. मेखा पुन्हा पिशवीत भरल्या, फाळका लावला. आता निघायला काही हरकत नव्हती.